मानेवरचा तो मळ नाहीच

प्रश्न: मी 25 वर्षांची आहे, सांगलीजवळच्या एका गावात राहते, पतपेढीत नोकरी करते. माझी मान मागून कॉलेजपासून काळी पडत गेलीय, आता काखाही तशाच झाल्यात. आई दर रविवारी लिंबू आणि खायचा सोडा लावून वजरीने घासते. दोन दिवस लालसर दिसते, मग आधीपेक्षा काळी. मागे एका लग्नात आत्याने चारचौघांत विचारलं, "मान धूत नाहीस का गं?" तेव्हापासून ऐन मे महिन्यातही केस मोकळे सोडते, नाहीतर ओढणी गुंडाळते. दिवसातून कितीदा तरी मोबाईलने मानेचा फोटो काढून बघते. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब दीड महिना लावतेय. आधी फरक वाटला, आता कातडी झोंबते. पाच महिन्यांवर माझं लग्न आलंय आणि मला माझी मानच नकोशी झालीय. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, दोन वर्षांत आठ-नऊ किलो वाढून वजन 70 झालंय, वडिलांना शुगर आहे, पण ते वेगळं. मानेसाठी एखादं चांगलं क्रीम सांगा.

उत्तर: तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू "पण ते वेगळं" म्हणून बाजूला सारली आहेस. लांबलेली पाळी, वाढलेलं वजन, वडिलांचा मधुमेह आणि काळवंडलेली मान या सगळ्यांचा धागा बहुधा एकच आहे. पत्र वाचून निदान करता येत नाही, म्हणून तपासण्या होईपर्यंत तो "बहुधा" तसाच राहू दे. पण क्रीमचं नाव शेवटी येईल, आधी बाकीचं.

या प्रकाराला डॉक्टर अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. ओळखायची खूण डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते, आडव्या रेघा ठळक होतात, आणि काळेपणा एका रेषेवर न थांबता कडेला विरत जातो. मान, काखा, जांघा या ठरलेल्या जागा, काहींची बोटांची पेरंही काळवंडतात. त्याच भागात बारीक लोंबणाऱ्या चामखिळीही बऱ्याचदा दिसतात.

आत काय चालतं ते समजून घे, कारण एकदा ते कळलं की वजरी आपोआप हातातून गळेल. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काम भागवतं. साखर आटोक्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो, सगळे निर्धास्त होतात. पण रक्तात फिरणारं ते जादा इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायचा हुकूम देत राहतं. पेशी भराभर वाढतात, वरचा थर जाड होतो, त्याला बारीक घड्या पडतात. मान काळी दिसते ती मुख्यतः या जाडीमुळे. रंगद्रव्याचा वाटा त्यात फारच थोडा असतो. म्हणूनच ब्लीच आणि गोरेपणाची क्रीमं इथे हात टेकतात.

आता वजरी. कातडीला रोज किंवा दर रविवारी घासलं की ती स्वतःला वाचवायला आणखी जाड होते, आणि सावळ्या कातडीवर सूज उतरल्यावर काळा डाग मागे राहतो. त्यात लिंबाचं आम्ल आणि सोड्याचा क्षार, दोन्ही कातडीला भाजणारे. लालसर दिसणारे ते दोन दिवस म्हणजे वरचा थर खरवडला गेल्याची खूण, त्याला उजळणं समजू नकोस. आजपासून लिंबू, सोडा, टूथपेस्ट, वजरी, नायलॉनची घासणी सगळं बंद. आंघोळीला साधा सौम्य साबण आणि हाताचा तळवा पुरे.

आईला पटत नसेल तर एक चाचणी घरी करता येते. कातडीची झोंब शमल्यावर, साधारण आठवड्याने, मेडिकलमधून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे इंजेक्शनआधी पुसायला वापरतात ते स्वॅब आण आणि आईसमोर मानेवर हलक्या हाताने फिरव. साबणाला न दबणारा मृत कातडीचा थर काहींच्या मानेवर खरोखरच साठतो. तो असेल तर काळेपणा स्वॅबवर येईल आणि खालची कातडी स्वच्छ दिसेल. तसं झालं तर आई जिंकली आणि प्रश्नही संपला. स्वॅब जवळजवळ कोरा राहिला, तर मळाची चर्चा घरात पुन्हा नको.

फसवणारी आणखी दोन कारणं आहेत. खोट्या साखळीतल्या निकेलची ॲलर्जी साखळीच्या रेषेतच उठते आणि खाजते. गजकर्णाची कड उठलेली असते आणि तिलाही खाज असते. तुझ्या पत्रात खाजेचा उल्लेख नाही.

ट्यूबचा विषय जरा तातडीचा आहे. आधी पटकन फरक आणि मग झोंबणं, हा क्रम हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तीन औषधांचं मिश्रण असलेल्या ट्यूबचा असतो. त्यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. हे मिश्रण चेहऱ्यावरच्या वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजके आठवडे वापरायचं असतं. स्टिरॉइडने सूज दबते म्हणून आधी छान वाटतं, मग कातडी पातळ होते. काखेसारख्या घडीत ते जास्त शोषलं जातं, तिथे स्ट्रेच मार्क उमटतात आणि ते कायमचे राहतात. गजकर्ण असलं तर ते दबून आतल्या आत पसरतं. तेव्हा खोक्यावरचा मजकूर वाच. यांपैकी नावं दिसली तर काखेत तर अजिबात लावू नकोस आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. दीड महिन्यानंतर स्टिरॉइड थांबवलं की काहींना काही दिवस लाली आणि आग उसळते. तसं झालं तर तीच ट्यूब पुन्हा लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे, खोबरेल किंवा साधं पेट्रोलियम जेली लावून डॉक्टरांची वाट बघ. आणि खोक्यावर घटकांची यादीच नसेल, तर ते क्रीम लगेच बंद. अशा बेनामी गोरेपणाच्या क्रीमांत पारा सापडलेला आहे आणि पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडतात.

तपासण्या फिजिशियनकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून लिहून घे. रात्रीचं जेवण लवकर उरकून, किमान आठ तास उपाशी राहून, सकाळी रक्त द्यायचं. उपाशीपोटीची साखर 100 च्या खाली हवी, 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 126 आणि वर मधुमेह, तोही एकदा पुन्हा तपासून पक्का करायचा. एचबीए1सी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, 5.7 टक्क्यांच्या आत हवं, 6.5 आणि वर मधुमेह. इथे एक खाचखळगा आहे. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग असेल तर एचबीए1सी खोटंच जास्त येऊ शकतं, आणि आपल्याकडच्या मुलींत पंडुरोग काही कमी नाही. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सोबत कर. याखेरीज रक्तातल्या चरबीसाठी लिपिड प्रोफाइल, यकृतासाठी एसजीपीटी, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं, आणि पोटाची सोनोग्राफी. पाळीचं अंतर 35 दिवसांपेक्षा जास्त किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा पाळी, असं असेल तर पीसीओएसचा, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी लांबवणाऱ्या बीजकोशांच्या तक्रारीचा, विचार करावाच लागतो. उपाशीपोटीचं इन्सुलिन मोजायला काही लॅब आग्रह करतात, त्यावाचून अडत नाही, पैसे वाचव. घरी शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, कंबर मोज. भारतीय बायकांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही धोक्याची रेघ आहे.

टेप हातात आहे तोवर घरातल्या बाकीच्यांच्या मानाही बघ. शाळकरी भावाची मान काळी असेल तर त्यालाही "नीट आंघोळ कर" म्हणून ओरडलं जात असणार. आणि पन्नाशीपुढच्या कुणाची कातडी काही महिन्यांत झपाट्याने अशी झाली, सोबत तळवे, ओठ किंवा जीभ खडबडीत होऊन वजन उतरत असेल, तर तिथे साखरेवर थांबायचं नाही. पोटाच्या कॅन्सरचीही ती खूण असू शकते. तुझ्या बाबतीत तसं काही दिसत नाही.

उपचाराचं मूळ काम आतून होतं. 70 किलोच्या 5 टक्के म्हणजे साडेतीन किलो. एवढं उतरलं तरी इन्सुलिनचं काम सुधारायला लागतं आणि अनेकींची पाळीही रुळावर येते. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना 7 टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. लग्नाआधीचं "क्रॅश डाएट" मात्र नको. झपाट्याने उतरलेलं वजन तसंच परत येतं, त्यात केसही गळतात, आणि मग तुला नावडायला आणखी एक जागा मिळेल.

सुरुवात चहापासून कर. पतपेढीत दिवसाला चार कप होत असतील, कपात दोन चमचे साखर, सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 32 ग्रॅम, महिन्याला जवळजवळ किलोभर साखर फक्त चहातून. कप चारचे दोन आणि साखर दोन चमच्यांची अर्धा, एवढं दोन आठवड्यांत जमतं, जीभ तक्रार करून गप्प बसते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हे जवळपास निव्वळ पिष्ट आहे, त्याऐवजी वरी-दाण्याची आमटी बरी, तीही वाटीने मोजून. रोजच्या ताटात आधी भाजी-कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, शेवटी थोडा भात, असा क्रम ठेवला तर साखर एकदम उसळत नाही. दोन्ही जेवणांनंतर 10 ते 15 मिनिटं चाल. चालते स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असा वीस मिनिटांचा जोराचा व्यायाम हवाच. मेटफॉर्मिन, म्हणजे इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी, द्यायचं की नाही ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. मैत्रिणीची चिठ्ठी चालणार नाही.

आता तुझं क्रीम. जाड झालेला थर मऊ करायला 10 टक्के युरिया किंवा 12 टक्के लॅक्टिक ॲसिडचं लोशन आंघोळीनंतर ओलसर कातडीवर लावायचं. कातडीची आग पूर्ण शमल्यावरच, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल. डॉक्टर बहुधा रात्रीसाठी 0.1 टक्के ॲडापलीन किंवा 0.025 टक्के ट्रेटिनॉइन देतील. मान धुऊन, कोरडी करून, वीस मिनिटांनी, वाटाण्याएवढं, एक दिवसाआड. इथे सगळ्यांचं चुकतं ते घाईमुळे. रोज आणि जास्त लावलं तर मान सोलवटते, लाल होते, आणि त्या लालीतून नवा काळेपणा येतो. ही औषधं चालू असताना त्या जागी वॅक्सिंग करू नये, कातडीच निघून येते. गरोदर राहायचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगून ती थांबवायची, आणि तुझं लग्न समोर आहे म्हणून हे आत्ताच ध्यानात ठेव. दिवसा मानेला मागून 30 एसपीएफचं सनस्क्रीन लाव. चेहऱ्याला लावतात आणि मान विसरतात.

पाच महिन्यांत काय होईल? सहा-आठ आठवड्यांत हाताला मऊपणा जाणवू शकतो, रंगातला फरक तीन महिन्यांच्या पुढे, तोही वजन आणि साखर हललं तर. लग्नाच्या दिवशी मान चेहऱ्याच्या रंगाची झालेली असेल असं वचन कुणी देत असेल तर पैसे देऊ नकोस. पार्लरच्या ब्रायडल पॅकेजमधलं ब्लीच, "डी-टॅन" आणि पील लग्नाच्या आधीच्या महिन्यात मानेवर नकोच. हळद लावणाऱ्या करवल्यांना सांगून ठेव, नुसती माखा, चोळू नका. ब्लाउजचा गळा तुला हवा तसा शिव. मेकअपवालीला मानेवर चेहऱ्याची शेड लावू देऊ नकोस, राखाडी दिसते. आधी केशरी झाकीचं करेक्टर, त्यावर मानेच्या कडेच्या रंगाचं फाउंडेशन, आणि चाचणीच्या दिवशी उन्हात जाऊन फोटो.

कातडीचं इतकं पुरे. "मानच नकोशी झालीय" हे मात्र मलमाने जाणार नाही. माणसाला शरीराचा एखादा भाग नावडतो, कुणाला नाक, कुणाला पोट, कुणाला टाचांच्या भेगा. नावडणं एका जागी राहतं, पण तपासणं आणि लपवणं त्याला रोज खतपाणी घालतं. प्रत्येक फोटोनंतर क्षणभर बरं वाटतं किंवा धस्स होतं, दोन्ही वेळा मेंदू एवढंच शिकतो की पुन्हा बघायला हवं. शिवाय फोनचा कॅमेरा सहा इंचांवरून मान बघतो, तसं कुणीच बघत नाही, आणि खिडकीपाशी एक रंग, ट्यूबलाइटखाली दुसरा. म्हणून फोटो काढायचा तो पंधरा दिवसांनी एक, तीच खिडकी, तीच वेळ, फोन दुसऱ्याच्या हातात, दोन हात अंतरावरून. त्यात रंगाची छटा बघू नकोस, पसारा बघ. डॉक्टरही तशाच पायऱ्या मोजतात. जवळून पाहिल्यावरच दिसतो, मागे मध्यावर दिसतो, कडेपर्यंत गेलाय, की समोरूनही दिसतो. मधल्या दिवसांत हात फोनकडे गेला की दहा मिनिटं पुढे ढकल. बहुतेक वेळा तेवढ्यात ओसरतं.

लपवणं एका दिवसात सोडायचं नाही, पायऱ्या कर. घरी सगळ्यांसमोर केस वर बांधून जेवायला बस. मग गच्चीवर, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, मग एक दिवस पतपेढीत क्लिप लावून, शेवटी एसटीच्या रांगेत, जिथे मागचा माणूस तुझ्या मानेकडेच तोंड करून उभा असतो. प्रत्येक वेळी आधी 0 ते 10 मध्ये भीती किती ते लिही, आणि ती निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलू नकोस. ओढणी सारखी करायला हात गेला तर ती पायरी धरायची नाही, पुन्हा करायची. एकच पायरी चार-पाचदा केल्यावर आकडा उतरतो, मग पुढची.

लोक किती बघतात याचा प्रयोग झालेला आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्याला वाटलं निम्म्या लोकांनी पाहिलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या लक्षात आलं. 2000 साली तो प्रसिद्ध झाला. त्या खोलीत आत्या नव्हत्या, हे मात्र मान्य. त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेव आणि रागाशिवाय म्हण, "आत्या, तो मळ नाही, इन्सुलिनची तक्रार आहे, डॉक्टरांचं चालू आहे. तुमच्या घरी कुणाची मान अशी असेल तर साखर तपासून घ्या." वडिलांच्या बहिणीला हे सांगणं आगाऊपणा नाही, मधुमेह त्यांच्याच माहेरचा आहे. आईला मात्र वाक्य नको, रिपोर्ट दाखव आणि रविवारचा वेळ दुसऱ्या कामाला दे. तिने वजरी घेतली ती मायेनेच, एवढं लक्षात ठेवून बोल.

मानेचा विचार दिवसाला तासाभरापेक्षा जास्त खात असेल, त्यापायी कामाला दांड्या होत असतील, लग्नकार्यं टाळत असशील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. यासाठी ठरलेली बोलण्याची उपचारपद्धत आहे, गरज पडली तर औषधंही आहेत. जीव नकोसा वाटायला लागला तर वाट न बघता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. तो विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

होणाऱ्या नवऱ्याला मानेबद्दल सांगायची गरज नाही, ती त्याला दिसतेच आहे. पाळीचं आणि साखरेचं मात्र रिपोर्ट आले की लग्नाआधी तू स्वतःच सांग, तिऱ्हाइताकडून नको.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ट्यूब खोक्यासकट ने, नाव पाठ असलं तरी त्यांना टक्केवारी बघायची असते. त्या दिवशी मानेला पावडर लावू नकोस, आणि केस घरूनच वर बांधून नीघ.